घटस्फोट न घेता वेगळे राहायचे असेल तर: कोकणातील दांपत्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

संसार पुढे चालणार नाही हे दोघांनाही कळून चुकलेले असते, पण घटस्फोटाच्या कागदावर सही करायला मन धजत नाही, अशी दांपत्ये रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत गावोगाव आहेत. त्यांची कारणे खरी असतात आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नसतात. कोणाला मुलीचे लग्न होईपर्यंत घर कागदावर तरी एक ठेवायचे असते, कोणाच्या धर्मश्रद्धेत घटस्फोट बसत नाही, तर कोणाला नवऱ्याचे व्यसन सुटेल ही आशा सोडवत नाही. कोणाचे निवृत्तिवेतन आणि आजारपणाचा विमा जोडीदाराच्या नावाशी बांधलेला असतो. अशा वेळी लग्न कायम ठेवून वेगळे राहणे हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय असू शकतो, आणि कायद्यानेही त्याला जागा ठेवलेली आहे.

प्रत्यक्षात मात्र बहुतेक ठिकाणी निर्णय असा घेतलाच जात नाही. बाई मुलांना घेऊन माहेरी जाते, नवरा मुंबईला किंवा बोटीवर निघून जातो, पहिले काही महिने पैसे येतात, मग त्यात खंड पडतो, आणि पाहता पाहता वर्षे निघून जातात. कोणी कोणाला का सोडले, दागिने कोणाकडे राहिले, मुलांच्या शाळेची फी कोणी भरायची होती, यातले काहीही कुठे लिहिलेले नसते. पुढे भांडण उभे राहिले की दोन्ही बाजू आपापली गोष्ट सांगतात आणि ज्याच्या हातात घर, जमीन आणि पैसा असतो त्याची गोष्ट वरचढ ठरते. म्हणून या लेखाचे सांगणे असे की वेगळे राहणे हा घटस्फोटाइतकाच कागदोपत्री करावा लागणारा निर्णय आहे, आणि तो लिहून, मुदत घालून आणि पैशाचा हिशेब मांडूनच करावा. पुढील माहिती सर्वसाधारण आहे. आपल्या प्रकरणात सही करण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावाच.

पहिली पायरी: हा मार्ग आपल्यासाठी आहे का, हे ठरवणे

घरात मारहाण, धमकी किंवा कोंडून ठेवण्याचा प्रकार होत असेल तर समजुतीचा करार करण्यासाठी समोरासमोर बसू नये. तिथे पहिले काम सुरक्षिततेचे असते. तातडीच्या मदतीसाठी ११२, महिलांसाठी १८१ हे क्रमांक आहेत, आणि कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ खाली संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करून संरक्षणाचा, निवासाचा आणि खर्चाचा आदेश मागता येतो. विभक्ततेचा विचार त्यानंतर, सुरक्षित ठिकाणी बसून करावा.

हिंसा नसेल, तर दोघांनी वेगवेगळे बसून एका प्रश्नाचे उत्तर लिहून काढावे, की आपल्याला वेगळे राहून नेमके काय साधायचे आहे. मन शांत करून पुन्हा एकत्र येण्याची शक्यता तपासायची असेल, तर थोड्या मुदतीची विभक्तता उपयोगी पडते. एकत्र राहणे संपलेच आहे पण नाते कायद्याने तोडायचे नाही, असे असेल तर मुदत मोठी आणि कागद अधिक पक्के लागतात. आणि दोघांपैकी एकाला पुढे दुसरे लग्न करायचे असेल, तर हा मार्ग त्याच्यासाठी नाही, हे स्वच्छ सांगितले पाहिजे. विभक्त राहणारे पती-पत्नी कायद्याने विवाहितच असतात. या काळात केलेले दुसरे लग्न हिंदू विवाह अधिनियम, १९५५ प्रमाणे रद्दबातल ठरते आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली त्याला सात वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. एकाला आशा आणि दुसऱ्याला सुटका हवी असताना केलेली विभक्तता आशेवर असलेल्या माणसाला वर्षानुवर्षे लटकत ठेवते, आणि माझ्या मते या मार्गात होणारा सर्वात मोठा अन्याय हाच आहे.

कोकणापुरती आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. नवरा चाकरमानी म्हणून मुंबईत, बायको गावच्या घरी सासू-सासऱ्यांजवळ, ही आपल्याकडची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे, आणि जहाजावर किंवा आखातात नोकरी करणाऱ्यांच्या घरीही तेच चित्र असते. नोकरीसाठी असे लांब राहणे म्हणजे कायद्याच्या अर्थाने विभक्त होणे नव्हे. त्यामुळे अशा दांपत्याने वैवाहिक संबंध थांबवून वेगळे राहण्याचे ठरवले असेल, तर ते कोणत्या तारखेपासून ठरवले, हे लिहून ठेवणे इतरांपेक्षा जास्त गरजेचे आहे, कारण बाहेरून पाहणाऱ्याला काहीच बदललेले दिसत नाही.

दुसरी पायरी: कायद्यातील तीन वाटा समजून घेणे

पहिली वाट म्हणजे परस्पर समजुतीने केलेला विभक्त राहण्याचा करारनामा. त्याला न्यायालयात जावे लागत नाही आणि तो वेळ व खर्च वाचवतो, पण तो न्यायालयाचा हुकूमनामा नसतो. करार मोडला तर पुन्हा न्यायालयाचीच पायरी चढावी लागते, आणि तिथे तो मुख्यतः पुरावा म्हणून कामाला येतो.

दुसरी वाट फक्त पत्नीसाठी आहे. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ च्या कलम १८ प्रमाणे पतीने टाकून दिले असेल, क्रूर वागणूक दिली असेल, त्याची दुसरी पत्नी असेल, त्याने दुसरी बाई ठेवली असेल, धर्मांतर केले असेल किंवा वेगळे राहण्याला रास्त ठरेल असे अन्य कारण असेल, तर हिंदू पत्नी वेगळी राहूनही पतीकडून निर्वाहखर्च मागू शकते. यासाठी विभक्ततेचा हुकूमनामा घ्यावा लागत नाही. लग्नाच्या दर्जाबद्दल काहीच न मागता केवळ खर्चाची सोय हवी असलेल्या स्त्रीला ही वाट सोयीची आहे, पण तिच्याबद्दल फार कमी जणींना माहिती असते.

तिसरी वाट म्हणजे वकील मंडळी जिला ज्युडिशियल सेपरेशन म्हणतात ती न्यायिक विभक्तता. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम १० खाली पती किंवा पत्नी कोणीही त्यासाठी अर्ज करू शकते, आणि १९७६ च्या दुरुस्तीनंतर त्याची कारणे घटस्फोटाचीच आहेत: क्रूरता, व्यभिचार, दोन वर्षे सोडून जाणे वगैरे. लग्नानंतर पहिल्या वर्षात घटस्फोटाचा अर्ज सहसा करता येत नाही, न्यायिक विभक्ततेचा मात्र करता येतो. घटस्फोटाच्या दाव्यातही योग्य वाटल्यास न्यायालय कलम १३-अ खाली घटस्फोटाऐवजी विभक्ततेचा हुकूमनामा देऊ शकते. विशेष विवाह अधिनियम, १९५४ खाली नोंदणी पद्धतीने लग्न केलेल्यांसाठी कलम २३ मध्ये, तर ख्रिस्ती दांपत्यांसाठी १८६९ च्या घटस्फोट अधिनियमाच्या कलम २२ मध्ये अशीच सोय आहे. मालवण, सावंतवाडी, वसईकडील कॅथलिक कुटुंबांत, जिथे दिवाणी घटस्फोटाने चर्चच्या दृष्टीने लग्न संपत नाही, तिथे हा मार्ग विशेष जवळचा वाटतो. मुस्लिम वैयक्तिक कायद्यात असा हुकूमनामा नाही. रत्नागिरी-रायगडच्या कोकणी मुस्लिम भगिनींना वेगळे राहताना निर्वाहखर्चाचा आणि कौटुंबिक हिंसाचार कायद्याचा आधार घेता येतो.

सिंधुदुर्गातील कित्येक मुली गोव्यात दिलेल्या असतात. ज्यांचे लग्न गोव्यात तिथल्या नागरी कायद्याखाली नोंदले गेले आहे, त्यांच्या मिळकतीचा प्रश्न वेगळा आहे. वेगळा विवाहपूर्व करार केलेला नसेल तर तिथे पती-पत्नीची मालमत्ता सामाईक मानली जाते. त्यांनी गोव्यातील वकिलाकडेच जावे. महाराष्ट्रातील नियम त्यांना लावू नयेत.

तिसरी पायरी: हुकूमनाम्याने काय मिळते आणि काय निसटते

न्यायिक विभक्ततेचा हुकूमनामा झाला की एकत्र राहण्याचे कायदेशीर बंधन उरत नाही. पत्नी नांदायला येत नाही, असा आरोप मग टिकत नाही. निर्वाहखर्च हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २५ खाली आणि मुलांचा ताबा कलम २६ खाली याच प्रकरणात ठरवून घेता येतो. विभक्त राहणाऱ्या पत्नीशी तिच्या इच्छेविरुद्ध शरीरसंबंध ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ६७ खाली गुन्हा आहे, मग विभक्तता हुकूमनाम्याने झालेली असो वा अन्य प्रकारे. आणि विभक्ततेनंतरही पत्नी ही पत्नीच असल्याने कौटुंबिक हिंसाचार कायद्याचे दार तिला बंद होत नाही. विभक्ततेच्या हुकूमनाम्यानंतरही ती आपले स्त्रीधन त्या कायद्याखाली परत मागू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली स्पष्ट केले आहे.

आता जी गोष्ट सर्वांत आधी कळायला हवी आणि बहुतेकांना सर्वांत शेवटी कळते, ती सांगतो. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम १३ च्या पोटकलम १-अ प्रमाणे, विभक्ततेचा हुकूमनामा झाल्यानंतर एक वर्ष वा अधिक काळ दोघांत सहवास पुन्हा सुरू झाला नाही, तर पती किंवा पत्नी कोणीही, तेवढ्याच कारणावर घटस्फोट मागू शकते. अर्ज मुळात कोणी केला होता याने फरक पडत नाही. म्हणजे ज्या पत्नीने घटस्फोट टाळण्यासाठी विभक्तता मागून घेतली, तिच्याच हुकूमनाम्याचा आधार घेऊन पती वर्षभराने घटस्फोटाच्या अर्जासह उभा राहू शकतो. कोणत्याही परिस्थितीत घटस्फोट होऊ द्यायचा नाही, हाच ज्यांचा मुख्य हेतू आहे, त्यांनी हुकूमनामा मागण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. त्यांच्यासाठी करारनामा किंवा १९५६ च्या अधिनियमाची वाट अधिक सुरक्षित असू शकते.

करारनाम्याच्या वाटेवरही एक खड्डा आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली, म्हणजे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली, पत्नीला झटपट पोटगी मागता येते. पण दोघे परस्पर संमतीने वेगळे राहत असतील तर त्या कलमाखाली पोटगी मिळत नाही, असे त्यातच म्हटले आहे. त्यामुळे ‘आम्ही उभयता राजीखुशीने वेगळे राहत आहोत’ एवढेच वाक्य लिहून सही करणारी स्त्री नकळत आपला सर्वांत सोपा उपाय गमावून बसू शकते. वेगळे राहण्याची वेळ ज्या कारणांनी आली ती कारणे करारात थोडक्यात नमूद करावीत, निर्वाहखर्चाची रक्कम स्पष्ट लिहावी, आणि रक्कम थकल्यास पत्नीचे सर्व कायदेशीर हक्क अबाधित राहतील असे कलम घालावे. पोटगीचा हक्क कायमचा सोडून दिल्याचे लिहून घेण्याचा आग्रह समोरून झाला, तर सही करू नये. असे कलम न्यायालये सहसा मानत नाहीत, पण ते खोडून काढण्यात वर्षे जातात.

चौथी पायरी: पैशाचा खरा हिशेब

पोटगीच्या प्रकरणांत दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये ठरवून दिले आहे. न्यायालयात जायचे नसले तरी त्याच धर्तीचा तक्ता दोघांनी आधीच भरावा. पगारदाराचा हिशेब सोपा असतो. पगारपत्रक आणि बँकेचे उतारे पुरतात. कोकणात अडते ते मोसमी उत्पन्नाच्या घरी.

हापूसचे पैसे मोसमात येतात आणि त्यातून वर्ष काढायचे असते. वाशीच्या बाजारातील दलालाकडून येणाऱ्या विक्रीच्या हिशेबाच्या पट्ट्या, काजूच्या विक्रीची बिले, खते आणि फवारणीचा खर्च, हे किमान तीन मोसमांचे कागद समोर ठेवल्याशिवाय बागायतदाराचे उत्पन्न ठरवू नये, कारण एका वाईट मोसमाचा आकडा दाखवून रक्कम कमी करून घेणे किंवा एका चांगल्या मोसमावरून ती वाढवून मागणे, दोन्ही अन्यायाचे आहे. मच्छीमाराच्या घरी वेगळीच अडचण असते. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते आणि उत्पन्न थांबते. तरीही मुलांची शाळा याच जूनमध्ये सुरू होते. तेव्हा करारातील कलम साधारण असे असावे:

‘पती दरमहा १० तारखेपर्यंत पत्नीच्या बँक खात्यात ठरलेली रक्कम जमा करील. मासेमारी बंदीच्या जून व जुलै या दोन महिन्यांची रक्कम तसेच मुलांच्या शाळा-प्रवेशाचा खर्च ३१ मेपूर्वी आगाऊ जमा करण्यात येईल. रक्कम रोखीने दिल्यास ती दिल्याचे मानले जाणार नाही.’

शेवटचे वाक्य कडक वाटेल, पण ते दोघांच्याही हिताचे आहे. भावाच्या हाती पाठवलेले पैसे पोचले की नाही, या एका वादावर चांगल्या मनाने सुरू झालेल्या समजुती मोडलेल्या दिसतात. शिवाय दरवर्षी रकमेत किती वाढ करायची, हेही आताच ठरवून लिहावे.

संयुक्त बँक खाते ‘दोघांपैकी कोणीही’ पद्धतीचे असेल तर ते दोघांच्या सहीवर आणावे किंवा बंद करून शिल्लक वाटून घ्यावी. एकमेकांच्या कर्जाला जामीन असाल तर वेगळे राहिल्याने तो जामीन सुटत नाही. बँकेला त्या करारनाम्याचे काही देणेघेणे नसते. तारकर्ली-गणपतीपुळ्याकडे दोघांनी मिळून चालवलेले होमस्टे किंवा खानावळी असतात. तिथे परवाने कोणाच्या नावावर, बुकिंगचे पैसे कोणत्या खात्यात आणि स्वयंपाकघर कोण सांभाळते, हे तिन्ही लिहावे, कारण तिसऱ्या कामाचा मोबदला एरवी कोणाच्या हिशेबात येत नाही.

कराच्या दृष्टीने एक उपयुक्त तरतूद आहे. पतीने पत्नीच्या नावावर मालमत्ता केली तर त्या मालमत्तेपासूनचे उत्पन्न सहसा पतीच्याच उत्पन्नात धरले जाते, पण वेगळे राहण्याच्या कराराच्या संबंधात मालमत्ता दिली असेल तर आयकर कायदा हा नियम लावत नाही. म्हणून असे हस्तांतरण कराराचा भाग असल्याचा उल्लेख दस्तातच असावा.

पाचवी पायरी: घर, बाग आणि दागिने

आपल्याकडे असा समज पक्का आहे की लग्न झाले म्हणजे नवऱ्याच्या मिळकतीत बायकोचा निम्मा वाटा आपोआप येतो. महाराष्ट्रातील कायद्यात तसे नाही. पतीच्या हयातीत त्याच्या नावावरील घर-जमिनीत पत्नीला मालकी हक्क नसतो. तिला मिळतो तो राहण्याचा आणि निर्वाहाचा हक्क. राहण्याचा हक्क मात्र भक्कम आहे. घर सासऱ्यांच्या नावावर असले तरी ते जोडप्याचे सामायिक निवासस्थान असल्यास तिथे राहण्याचा दावा पत्नी करू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली मान्य केले आहे.

कोकणातील घरांचा गुंता वेगळाच. सातबाऱ्यावर आजोबांची, चुलत्यांची आणि चुलतभावांची नावे, वाटप झालेले नाही, घरपट्टी एकाच्या नावावर आणि राहतात चौघे. अशा सामाईक मिळकतीतून पती पत्नीला विशिष्ट खोली किंवा बागेतील विशिष्ट कलमी झाडे कायमची देऊ शकत नाही, कारण त्याचा हिस्साच ठरलेला नसतो. तिथे दोन उपाय व्यवहार्य वाटतात: पतीच्या वाट्याला येणाऱ्या उत्पन्नाचा ठरावीक भाग पत्नीला देणे, आणि घराच्या कोणत्या भागात ती व मुले राहतील, पाणी, वीज व परसातली वाट कशी वापरतील, हे दिरांच्या व सासऱ्यांच्या सह्यांसह लिहून घेणे. सह्या फक्त नवऱ्याच्या घेतल्या तर पावसाळ्यापूर्वी घर शाकारायच्या वेळी किंवा विहिरीच्या पंपाच्या बिलावरून कोणीतरी आडवे येते.

मिळकत पतीच्या एकट्याच्या मालकीची असेल आणि ती पत्नीच्या नावे करायचे ठरले असेल, तर बक्षीसपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेच पाहिजे. नोटरी केलेल्या कागदाने मालकी जात नाही. राहते घर आणि शेतजमीन पती-पत्नीत बक्षीस देताना महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क नाममात्र आहे. नोंदणीनंतर फेरफार होऊन सातबाऱ्यावर आणि ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर नाव चढले की नाही, हे उतारा काढून पाहावे.

स्त्रीधनाची यादी एका बैठकीत, दोन्हीकडचे एकेक माणूस साक्षीला घेऊन करावी. ‘बांगड्या ४ नग’ असे मोघम न लिहिता सराफाकडे वजन करून, प्रत्येक डागाचे वर्णन, वजन, माहेरचा की सासरचा, सध्या कोणाच्या ताब्यात, असे चार रकाने करावेत आणि फोटो जोडावेत. पतसंस्थेत गहाण ठेवलेला डाग असेल तर पावती क्रमांक लिहून तो कोणी आणि कधी सोडवायचा, ते ठरवावे. सासरकडून घातलेले दागिनेही स्त्रीला दिलेले असल्यास तिचेच असतात.

सहावी पायरी: मुले

मुलांबाबत आई-वडिलांनी केलेला करार न्यायालयावर बंधनकारक नसतो. न्यायालय मुलाचे हित पाहते आणि गरज पडली तर करार बाजूला ठेवते. पाच वर्षांखालील मूल सहसा आईजवळ राहावे, असे हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ सांगतो. करारात ताब्याचे वेळापत्रक शाळेच्या सुट्ट्यांशी जुळवून लिहावे. कोकणात गणपती, शिमगा आणि मे महिना हे तीनच काळ असे आहेत की त्यांच्यावरून वाद होणार हे गृहीत धरावे. गणपतीचे पाच दिवस वडिलांच्या घरी, मग गौरी कुठे, हेही लिहायला संकोचू नये. पासपोर्ट, शस्त्रक्रियेची संमती, शाळा बदलणे या तिन्ही गोष्टींना दोघांची संमती लागेल की एकाची, तेही ठरवावे. मुलांना काय सांगायचे ते दोघांनी मिळून, एकाच शब्दांत आणि एकाच वेळी सांगावे, म्हणजे वाडीतल्या कोणाच्या तोंडून त्यांना ते पहिल्यांदा ऐकावे लागणार नाही.

सातवी पायरी: मृत्युपत्र आणि नामनिर्देशन

विभक्तता झाली तरी वारसा तुटत नाही, आणि इथे फार लोक फसतात. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे पतीने मृत्युपत्र केले नसेल तर विभक्त राहणारी पत्नीही मुले आणि सासू यांच्याबरोबर समान वाटेकरी असते. तसेच वेगळी राहून स्वतःच्या कष्टाने घर घेतलेली पत्नी मृत्युपत्र न करता वारली, तर मुलांबरोबर विभक्त पतीही वारस होतो. ज्यांना हे नको असेल त्यांनी करारनाम्याबरोबरच मृत्युपत्र करावे. त्याला दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, नोंदणी सक्तीची नाही पण केलेली बरी. विमा, भविष्य निर्वाह निधी आणि बँक यांतील नामनिर्देशन तपासावे, पण बँकेतील नामनिर्देशित व्यक्ती मालक होत नाही, ती वारसांसाठी रक्कम सांभाळणारी असते, हे विसरू नये.

केंद्र सरकारच्या कुटुंब निवृत्तिवेतनाच्या नियमांत न्यायिक विभक्त झालेल्या पत्नीचा वा पतीचा समावेश होतो. मात्र विभक्तता व्यभिचाराच्या कारणावर मिळालेली असून हयात जोडीदार त्यात दोषी ठरलेला असेल तर तो हक्क जातो. घटस्फोटित जोडीदाराला कुटुंब निवृत्तिवेतन मिळत नाही. सरकारी नोकरदारांच्या घरी घटस्फोटाऐवजी विभक्तता निवडण्याचे हे एक सबळ कारण आहे. राज्य शासन, बँक वा महामंडळाचे नियम आपल्या कार्यालयातून लेखी मागवून घ्यावेत.

आठवी पायरी: करारनामा लिहिणे

महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून अशा करारासाठी सर्वसाधारणपणे ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो. करार दोन प्रतींत करावा, प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या आणि शेवटी दोन साक्षीदार असावेत, व तो नोटरी करावा. दोघांचा वकील एकच नसावा. सुरुवातीलाच पुढील तीन वाक्ये असावीत असा माझा आग्रह आहे: ‘हा करार विवाह संपुष्टात आणणारा नाही. उभयतांची विभक्तता अमुक तारखेपासून सुरू होऊन अमुक तारखेपर्यंत राहील व त्या तारखेपूर्वी एक महिना उभय पक्ष फेरविचारासाठी भेटतील. सण, लग्नकार्य, आजारपण किंवा मुलांच्या कारणाने एका घरात राहावे लागल्यास त्यास वैवाहिक सहवास पुन्हा सुरू झाला असे मानले जाणार नाही.’

तिसरे वाक्य आपल्याकडे विशेष लागते. गणपतीत घरचा मुलगा आणि सून एका छपराखाली येणारच, आणि तेवढ्यावरून पुढे ‘हे तर एकत्रच राहत होते’ असा युक्तिवाद होऊ नये. गौरीला कोण ओवसणार, म्हणजे तिची ओवशाची पूजा कोण करणार, घरातील मानाचे काम सुनेकडे राहणार की नाही, हे प्रश्न कायद्याचे नाहीत, पण मने त्यांवरूनच दुखावतात. सासूबाईंशी याबद्दल मुलाने स्वतः बोलावे. ते काम सुनेवर टाकू नये.

गावकीने किंवा भावकीने बैठक बोलावून निवाडा दिला, तर ज्येष्ठांचा सल्ला म्हणून तो जरूर ऐकावा, पण गावकीच्या कागदाने विभक्तता होत नाही आणि काडीमोडही होत नाही. ऐकले नाही म्हणून कुटुंबाला वाळीत टाकणे हा महाराष्ट्रात २०१६ च्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

नववी पायरी: न्यायालयात जायचे असल्यास

लग्न जिथे लागले, दोघे शेवटचे जिथे एकत्र राहिले, समोरचा पक्ष जिथे राहतो, किंवा अर्जदार पत्नी असल्यास ती जिथे राहते, तिथे अर्ज करता येतो. मुंबईत संसार केलेली स्त्री दापोलीच्या माहेरी राहत असेल तर तिला मुंबईला खेपा घालाव्या लागत नाहीत. जिथे कौटुंबिक न्यायालय नाही तिथे अर्ज दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडे जातो. सोबत विवाह नोंदणीचा दाखला, तो नसल्यास लग्नपत्रिका आणि फोटो, राहण्याचा पुरावा, उत्पन्नाचे कागद आणि घटनांचा तारीखवार तपशील लागतो. परस्पर संमतीने न्यायिक विभक्तता अशी स्वतंत्र तरतूद हिंदू विवाह अधिनियमात नाही. एकाला अर्ज करून कारण मांडावे लागते, मात्र मध्यस्थीत अटींवर समझोता होऊ शकतो. अंतिम निकालाची वाट न पाहता कलम २४ खाली अंतरिम खर्च मागावा. तो गरजू पतीलाही मागता येतो.

स्त्रीचे उत्पन्न कितीही असले तरी १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाखाली तिला मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरण किंवा तालुका समितीकडे साध्या कागदावर अर्ज करावा, १५१०० या क्रमांकावरही विचारता येते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले तर १८ ऑगस्ट २०२५ पासून ते कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जाते, रायगडचे मात्र मुंबईलाच.

दहावी पायरी: मुदत संपताना

करारात लिहिलेली फेरविचाराची तारीख पाळावी, आणि त्या बैठकीत काय ठरले ते एका कागदावर लिहून दोघांनी सही करावी, मग निर्णय ‘आणखी एक वर्ष असेच’ असा का असेना. पुन्हा एकत्र राहायचे ठरले आणि हुकूमनामा झालेला असेल, तर दोघांपैकी कोणीही अर्ज करून हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम १० खाली तो रद्द करून घ्यावा. नुसते घरी परत येऊन भागत नाही, कारण जुना हुकूमनामा कागदावर तसाच राहतो. दोघांनाही आता घटस्फोटच हवा असे वाटू लागले असेल, तर कलम १३-ब ला लागणारा एक वर्ष वेगळे राहण्याचा काळ बहुधा पूर्ण झालेला असतो आणि करारनाम्यावरची तारीख त्याचा पुरावा होते. त्यानंतरची सहा महिन्यांची थांबण्याची मुदत योग्य प्रकरणात न्यायालय माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितले आहे. पैसे, घर आणि मुलांबाबत आधीच लिहून ठेवलेल्या अटी अशा वेळी समझोत्याचा मसुदा म्हणून जशाच्या तशा न्यायालयापुढे ठेवता येतात.